बहारीनमध्ये युरोपचं तिखट

आमच्या वसईकडे बहारीनला जाऊन आलेल्या माणसांना तोटा नाही. दर आळीत दोन-तीन सापडतात. पण बहारीन कसं आहे, असं विचारलं की सगळे "गरम आहे" एवढंच सांगतात आणि टेपरेकॉर्डर लावून दाखवतात. मी तिथे चोवीस दिवस राहिलो आणि त्यातले बरेचसे तिखटाची बाटली शोधण्यात घालवले. ज्यांना वाळवंट, उंट आणि सूर्यास्त यांविषयी वाचायचं आहे त्यांनी आत्ताच पान उलटावं. उंट मला एकच दिसला. तो ट्रकमध्ये बसून कुठेतरी चालला होता आणि माझ्यापेक्षा आरामात होता.

आधी मी कोण ते सांगतो. मी मिशनच्या शाळेत भूगोल शिकवतो. लग्न केलं नाही. धाकटी बहीण रोजी हिचं लग्न सहा वर्षांपूर्वी जोकिमशी झालं. जोकिम मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात स्टोअरकीपर. त्याचे आईवडील केव्हाच गेलेले, त्यामुळे लग्नानंतर पंधरा दिवसांनी तो विमानात बसला आणि रोजी माझ्याकडेच राहिली. वर्षाआड तो महिनाभराच्या लीव्हवर यायचा. पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच जायचा.

बायकोला तिकडे न्यायचं तर फॅमिली व्हिसा लागतो आणि त्यासाठी हॉटेलचं एक लेटर लागतं. लेटरवर जनरल मॅनेजरची सही. जोकिमच्या पत्राची शेवटची ओळ गेली दोन वर्षं ठरलेली होती: "लेटर साहेबांच्या टेबलावर आहे, इंशाल्ला होईल." रोजी ते पत्र घडी घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायची आणि भांडी जरा जोरात घासायची. शेवटी एका संध्याकाळी म्हणाली, "लेटर येईल तेव्हा येवो. मी महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर जाऊन नवऱ्याचं तोंड तरी बघून येते." बहिणीला एकटीला कसं सोडायचं म्हणून मीही मे महिन्याच्या सुट्टीत निघालो. खरं सांगायचं तर इतकी वर्षं वर्गात छडीने दाखवलेल्या आखातात एकदा स्वतः उभं राहावं, हाही लोभ होता.

मुहर्रकचा विमानतळ

आमच्याकडे मसाला मे महिन्यात कुटतात आणि तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरतात, इतका की वर्षभर हवा आत शिरत नाही. रोजीने अशा दोन बाटल्या, घरच्या लाल मिरच्यांची पिशवी आणि ताडीच्या विनेगरच्या दोन बाटल्या माझ्या बॅगेत घातल्या होत्या. तिच्या बॅगेत साड्या होत्या. अशी वाटणी तिने का केली ते मला कस्टमच्या टेबलासमोर कळलं.

तिथल्या दाढीवाल्या अधिकाऱ्याने विनेगरचं बूच काढून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि मग सावधपणा सोडून मसाल्याच्या बाटलीला नाक लावलं. पहिली शिंक आली तेव्हा मी सवयीने "देव बरं करो" म्हणालो. सातव्या शिंकेला शेजारच्या टेबलावरचा अधिकारी मदतीला आला आणि तोही शिंकायला लागला. दोघांनी डोळे पुसत हात हलवले. "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, निघा. आमच्यामागच्या लोकांच्या बॅगा त्या दिवशी कोणी उघडल्याच नाहीत.

बाहेर जोकिम उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात गुलाबी प्लास्टिकची फुलं. ती त्याने चुकून माझ्या हातात दिली.

मनामा

मुहर्रक हे वेगळं बेट आणि मनामा वेगळ्या बेटावर, मध्ये समुद्रातून रस्ता. दोन्हीकडे उथळ हिरवं पाणी आणि त्यात गुडघाभर उभे राहून मासे धरणारी माणसं. सौदीकडे जाणारा मोठा पूल तेव्हा बांधून व्हायचा होता, आणि भेटेल तो माणूस तो पूल जणू स्वतःच बांधतोय अशा थाटात त्याची माहिती द्यायचा.

जोकिमची खोली बाजारामागच्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. खाली घरमालक अबू खलील. सत्तरीचा माणूस, तरुणपणी बापाबरोबर मोती विकायला मुंबईला यायचा, त्यामुळे माझ्यापेक्षा झकास हिंदी बोलायचा. पहिल्या सकाळी त्याने आमच्यासाठी न्याहारी पाठवली. साखर-वेलची घातलेल्या गोड शेवया, आणि त्या शेवयांवर पसरलेलं ऑम्लेट. मी बराच वेळ त्या ताटाकडे पाहत राहिलो. आमच्याकडे पाहुण्याला असं काही वाढलं तर पाहुणा रुसून जाईल आणि गावभर सांगेल. खाल्ल्यावर मात्र मी आणखी मागितलं. अबू खलील खालून ओरडला, "मास्टर, अच्छा लगा?" मी म्हटलं, "बहुत अच्छा, लेकिन क्यों?" उत्तरादाखल त्याने आणखी एक ताट वर पाठवलं.

तिथे शुक्रवार हा रविवार असतो. चर्चमधली मोठी मिस्सा शुक्रवारी. पहिल्या शुक्रवारी मिस्सा ऐकताना आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटत राहिलं, आणि रविवारी सकाळी सगळे निमूट कामावर गेल्यावर तर खात्रीच पटली. ऊन असं की दुपारी नळ उघडला तर चहापुरतं उकळतं पाणी आयतं मिळावं. तरी माणसं हसतमुख होती.

साहेबांचा हुकूम

पाचव्या दिवशी जोकिम शिफ्ट संपवून आला तो पडेल चेहऱ्याने. शर्टाच्या खिशातून त्याने रुमालात गुंडाळलेली एक छोटी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. आत लाल पातळ पाणी.

"हा अमेरिकन सॉस," तो म्हणाला. "दर टेबलावर असतो. अमेरिकन लोक ह्याच्याशिवाय अंडं खात नाहीत."

"मग?"

"मग काय, युरोपियन वीक."

हकीकत अशी. हॉटेलचे जनरल मॅनेजर बेल्जियमचे. उंच, शांत, हळू बोलणारा माणूस. त्यांना हॉटेलात सगळे जीएमसाहेब म्हणत. त्यांनी ठरवलं होतं की पुढच्या आठवड्यात हॉटेलात जेवण युरोपचं, बँड युरोपचा, आणि टेबलावरची मिठाची डबीसुद्धा युरोपचीच. शेवटच्या शुक्रवारी मोठं जेवण. आता दर शुक्रवारी तिथे जेवायला येणारा सर्वांत मोठा घोळका होता डग नावाच्या एका अमेरिकन इंजिनियरचा. चाळीस माणसं घेऊन यायचा. डगने ऐकलं की त्या दिवशी लाल बाटली टेबलावर नसणार. तो एवढंच म्हणाला, बाटली नाही तर आम्हीही नाही, समोरच्या हॉटेलात जाऊ. जीएमसाहेबांनी जोकिमला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि सांगितलं, ह्या सॉसचा युरोपात कुठेतरी भाऊ असेलच, तो शोधून आण.

"आणि दादा," जोकिम म्हणाला, "हा शुक्रवार नीट पार पडला की मी साहेबांना लेटरचं विचारणार. पक्कं. काम न करता कुठल्या तोंडानं विचारायचं?"

रोजीने हातातलं काम थांबवलं. मी चष्मा पुसला. तिखटाची बाटली एकदम घरातली गोष्ट झाली.

"तुम्ही भूगोलाचे," जोकिम पुढे म्हणाला, "युरोप तुम्हाला पाठ."

पाठ होताच. पोर्तुगाल: बूच आणि सार्डिन मासे. हॉलंड: लोणी, चीज, ट्यूलिप. हंगेरी: गहू. सगळा युरोप मनात फिरून आलो, पण तिखट कुठेच भेटलं नाही. मी पुण्यापलीकडे पाहिलेला एकमेव परदेश म्हणजे ही खोली. तरीही मी म्हणालो, "बघू या." मास्तराला "माहीत नाही" म्हणता येत नाही, हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे.

कोल्ड स्टोअरांची फेरी

बहारीनमध्ये वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. नाव ऐकून आत बर्फाच्या लाद्या असतील असं वाटतं, पण आत साबण, डाळ, वह्या आणि केरळचा एक माणूस असतो. गोऱ्यांच्या वस्तीजवळच्या कोल्ड स्टोअरांत युरोपचा माल मिळे. मी आणि रोजी सकाळी नऊला निघायचो, डोक्यावर ओला रुमाल, हातात पिशवी, आणि दुपारी बाटल्या घेऊन परत. रोजी अंडी उकडायची. मग जोकिम आला की अर्ध्या अंड्यावर अमेरिकन थेंब, अर्ध्यावर युरोपचा, आणि परीक्षक मी.

पहिला उमेदवार इंग्लंडचा. चौकोनी बाटली, तपकिरी दाट सॉस, वर राजवाड्यासारखी नक्षी. चाखला. रोजीने मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: चिंच, खजूर, गूळ. "दादा, ही तर भेळेची चटणी," ती म्हणाली. इंग्रज दीडशे वर्षं आमच्याकडे राहून काय काय घेऊन गेले याची यादी मी वर्गात देत असे, त्यात हे राहून गेलं होतं.

दुसरा हंगेरीचा. टूथपेस्टसारखी ट्यूब, त्यावर ही एवढी मोठी लाल मिरची. मी विश्वासाने बोटभर पिळून अंड्यावर घेतली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. तांब्या तसाच राहिला. मिरचीचा रंग होता, वास होता, आणि तिखटपणा कोणीतरी काढून घेतला होता. जोकिमने तर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धवट झोपेत त्या ट्यूबने दात घासले आणि चूळ भरेपर्यंत त्याला कळलं नाही.

तिसरा हॉलंडचा, बरणीतला. हा मात्र तिखट! आम्ही तिघांनी एकमेकांकडे आनंदाने पाहिलं. जोकिम टाळी द्यायला उठला. मग मी बरणी फिरवली आणि नाव वाचलं. नाव इंडोनेशियाचं, कृती इंडोनेशियाची, झाकण तेवढं डच. शिवाय इतका घट्ट की बाटलीतून थेंब कसा पडणार?

चौथा फ्रान्सचा. ट्यूबवर उंटाचं चित्र होतं. ज्या देशात उंट नाही त्या देशाच्या ट्यूबवर उंट का, असं मी दुकानातल्या केरळच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "सर, ये फ्रेंच लोग का है, लेकिन फ्रेंच लोग का नहीं है." आफ्रिकेतल्या ट्यूनिसचं तिखट होतं ते. माझ्या नोकरीत भूगोलाची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकली नव्हती.

पाचवा जर्मनीचा, पांढरा, किसलेल्या मुळ्यासारखा. "लाल नाही, पण बघू तरी," असं म्हणून मी चमचाभर तोंडात टाकला. जिभेला काहीच झालं नाही. क्षणभराने नाकातून मेंदूपर्यंत काहीतरी चढत गेलं आणि मी खुर्चीसकट मागे गेलो. डोळ्यांतून धारा, बोलता येईना. जोकिम घाबरून म्हणाला, "टॅक्सी बोलावू? सलमानियाला न्यायचं का?" सरकारी इस्पितळात जाऊन डॉक्टरला काय सांगायचं, मुळा लागला? मी हातानेच नको म्हटलं. रोजी पदरात तोंड खुपसून हसत होती. सहा वर्षांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून रागावलो नाही.

जिदहफ्स

कोणीतरी सांगितलं की जिदहफ्सच्या बाजारात एका दुकानदाराकडे पोर्तुगालची बाटली आहे. मनामाच्या पश्चिमेला बसने थोडंसंच. वाटेत खजुराच्या बागा, त्यांच्यात पाण्याचे पाट, आणि बसमध्ये माझ्या मांडीवर कोणाचातरी कोंबडा. मालक दोन सीट पुढे होता आणि मधूनमधून वळून कोंबड्याकडे पाहून हसत होता. माझ्याकडे नाही.

दुकानदाराने बाटली आतून आणली, फुंकर मारून धूळ उडवली. लाल, तेलकट, खरोखर पोर्तुगालची. तिथेच बोटावर घेऊन चाखली. तिखट होती! रोजीचे डोळे चमकले.

"और कितना है?" तिने विचारलं.

"एक."

"बाद में आएगा?"

"मफी. खलास."

एक बाटली, चाळीस माणसं. तरी आम्ही ती घेऊन आलो. संध्याकाळी जोकिमने अंड्यावर ओतली तर आधी वर तरंगलेलं तेल आलं, पिवळं, कुबट. बाटली कुठल्या जमान्यातली होती देव जाणे. शिवाय मिरचीही आफ्रिकेतली, असं मागे लिहिलं होतं.

मग माझ्या लक्षात आलं ते असं: युरोपात तिखट पिकत नाही, फक्त बाटल्या पिकतात. आमच्याकडे चार दिवस उरले होते आणि जोकिम भिंतीकडे बघत बसला होता.

"विचारूच नये आता," तो पुटपुटला. "पुढच्या वर्षी बघू."

रोजीने अमेरिकन बाटली उचलली, तळहातावर दोन थेंब घेतले, चाटले, डोळे मिटले.

"मिरची, मीठ, विनेगर," ती म्हणाली. "ह्यात चौथं काही नाही. ह्याच्यासाठी आपण युरोप फिरत होतो?"

गच्ची

तिने मिरच्या भिजवल्या, मीठ घालून अबू खलीलच्या पाट्यावर वाटल्या, ताडीच्या विनेगरात कालवून गाळल्या आणि बाटल्यांत भरल्या. अमेरिकन लोक म्हणे हे मिश्रण वर्षानुवर्षं पिंपात मुरवतात. आमच्याकडे पिंप नव्हतं, वर्षं नव्हती, पण मे महिन्यातली बहारीनची गच्ची होती. सगळ्या बाटल्या उन्हात ठेवल्या.

दुसऱ्या दुपारी गच्चीवर फट्‌ असा आवाज झाला, लगेच दुसरा. धावत गेलो तर दोन बाटल्यांची बुचं उडालेली, आणि शेजारी दोरीवर वाळत घातलेला अबू खलीलचा पांढराशुभ्र पायघोळ झगा वरपासून खालपर्यंत लाल. रोजीने कपाळाला हात लावला. अबू खलील जिना चढून आला, झग्याकडे पाहिलं, झग्याचा कोपरा हातात घेतला. आम्ही खोली खाली करायच्या तयारीने उभे. त्याने बोट फिरवलं, तोंडात घातलं, विचार केला.

"बेटी, ये क्या है?"

"तिखट है, बाबा. माफ करो."

"माफ क्या करो? मछली के साथ बहुत झेन, बहुत अच्छा लगेगा. एक बोतल मेरा." झगा त्याने तसाच खांद्यावर टाकला आणि उतरला. आमच्या आळीत असं झालं असतं तर दोन पिढ्या बोलणं बंद. मी हे अबू खलीलला सांगितलं तर त्याला दोन पिढ्यांचा हिशोब समजेना. "आदमी एक साल में मर सकता है," तो म्हणाला, "दो पीढ़ी कौन रुकेगा?"

उरला लेबलचा प्रश्न, आणि तो माझ्यावर आला. सॉस युरोपचा हवा होता. मी आयुष्यात कधी वसई आशियाबाहेर दाखवलेली नाही. सगळी सकाळ कागद पुढ्यात घेऊन बसलो. मग मनाशी म्हटलं, वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज दोनशे वर्षं राज्य करत होते. तेवढा काळ तो तुकडा लिस्बनच्या राजाचा होता. मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजातून आली, त्याआधी आमच्याकडे मिऱ्यांवर भागत होतं. मी किल्ल्याच्या दरवाजाचं चित्र काढलं, खाली वसईचं जुनं पोर्तुगीज नाव झोकदार अक्षरांत लिहिलं, आणि देश लिहायची जागा वेलबुट्टीने भरून टाकली. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. खरंही फारसं लिहिलं नाही. शाळेत एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शुक्रवार

मला आत घ्यायला जोकिमने माझी ओळख "सॉस एक्स्पर्ट" अशी करून दिली. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. हॉलमध्ये झेंडे, बर्फाचा हंस, आणि गोव्याचे पाच वादक ऑस्ट्रियाचे कपडे घालून वाजवत होते. डग खिडकीजवळच्या टेबलावर, चाळीस माणसांच्या मधोमध. लाल मानेचा, गडगडाटी आवाजाचा माणूस. जीएमसाहेब त्याच्या खुर्चीमागे उभे.

डगने आमची बाटली उजेडात धरली. अंड्यावर तीन थेंब टाकले. खाल्लं. बँडसुद्धा थांबला, पण तो पान उलटायला थांबला होता हे मला मागाहून कळलं.

"हा तो नव्हे," डग म्हणाला.

जोकिमचा हात माझ्या मनगटावर आवळला. डगने आणखी तीन थेंब टाकले, खाल्लं. मग बटाट्यावर ओतला. मग पावावर. मग शेजाऱ्याने बाटलीकडे हात नेला तेव्हा डगने त्याच्या हातावर काट्याने टिचकी मारली.

"हा तो नव्हे," तो पुन्हा म्हणाला, "पण इथून नेलात तर याद राखा." आणि जेवण संपल्यावर बाटली कोटाच्या खिशात घालून निघून गेला.

जीएमसाहेब माझ्याकडे वळले. लेबल त्यांनी वाचलेलं होतं. "हा युरोपचा नेमका कुठला भाग?"

मास्तरकी कामाला आली. मी म्हणालो, "सर, जो परत न्यायचा राहून गेला, तो."

त्यांनी लेबल पुन्हा एकदा वाचलं. मग ते हसले, तेही हळूच, आणि जोकिमच्या खांद्यावर थोपटलं. मी जोकिमला कोपराने ढोसलं. तो एक पाऊल पुढे सरकला.

"सर... ते फॅमिली व्हिसाचं लेटर... तुमच्या टेबलावर..."

जीएमसाहेबांच्या कपाळावर आठी पडली. रागाची नव्हती, आठवण्याची होती. "ते? त्यावर तर मी सही केली. केव्हाच. कुरियनला विचार."

फाइल

कुरियन म्हणजे त्यांचे सेक्रेटरी, केरळचे, सुट्टीच्या दिवशीही टाय लावून बसलेले. त्यांनी कपाटातून फाइल काढली, दोन पानं उलटली आणि लेटर समोर ठेवलं. सही होती, शिक्का होता. सहीखाली तारीख होती. चौदा महिन्यांपूर्वीची.

"मुझे लगा तुमने इरादा बदल दिया," कुरियन म्हणाले. "तुम लेने आया ही नहीं."

"मुझे लगा साईन होगा तो बुलाएंगे," जोकिम म्हणाला.

"मुझे लगा चाहिए होगा तो आएगा."

दोघेही चांगली माणसं. दोघांची टेबलं एकाच मजल्यावर. लेटर जुनं झालं होतं म्हणून कुरियननी नव्या तारखेचं टाईप केलं, जीएमसाहेबांनी उभ्याउभ्या सही केली. सगळ्याला मिळून चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

घरी येऊन जोकिमने लेटर रोजीच्या हातात दिलं आणि चौदा महिन्यांचं सांगून टाकलं. लपवलं नाही, एवढं त्याचं कौतुक करायला हवं. रोजीने वाचलं. मला वाटलं ती आनंदाने रडेल, मग वाटलं लाटणं फेकेल.

"विचारलं का नाहीस?" ती म्हणाली.

"साहेब बिझी होते गं."

"चौदा महिने?"

मी जोकिमवर रागावणार होतो, शब्दही तयार होते, पण मग माझीच मला लाज वाटली. वसईत बसून दर पत्राची शेवटची ओळ मीही वाचली होती. लेटर अडलंय कुठे, तू जाऊन बघितलंस का, असं एका पत्रात तरी मी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण त्याला वाईट वाटेल. रोजीनेही विचारलं नाही, कारण नवऱ्याला घाई केली असं दिसेल. युरोपचं तिखट आम्ही उन्हातान्हात, कोंबडा मांडीवर घेऊन शोधलं, आणि एका मजल्यावरचं दार वाजवायला आमच्यातलं कोणी तयार नव्हतं.

परतीच्या आधी

दुसऱ्या दिवसापासून रोजी विचारायला लागली. अबू खलीलला म्हणाली, बाबा, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर सावली का करत नाही? त्याने संध्याकाळपर्यंत चटई बांधून दिली आणि म्हणाला, पहले किसी ने बोला नहीं. चर्चमध्ये फादरना विचारलं, मराठी गाणी का नाहीत? ते म्हणाले, तू बसव. जेवताना माझ्या देखत जोकिमला विचारलं, "तुला माझी आठवण यायची का रे?" जोकिम कानापर्यंत लाल झाला, माझ्याकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं आणि "रोज" म्हणाला. मी डाळ आणायला उठलो. डाळ टेबलावरच होती.

शाळा उघडायला आली होती. निघायच्या दिवशी दोघं मला सोडायला मुहर्रकला आली. येताना आम्ही दोघं होतो, आता तिकीट एकाचंच. मी रोजीला सूचना देत होतो, व्हिसाचे कागद नीट ठेव, उन्हात फिरू नकोस, वगैरे. भूगोलाचा माणूस, हवामानावरच बोलत राहिलो. तिने मध्येच थांबवलं.

"दादा, घरी एकटा नीट राहशील ना?"

आमच्या घरात इतका सरळ प्रश्न कधी कोणी कोणाला विचारलेला नव्हता. आईने नाही, बाबांनी नाही. त्याचं ठरलेलं उत्तर मला येत होतं: माझी काळजी करू नकोस, मला काय होतंय. ते ओठांवर आलंही होतं.

"नाही," मी म्हणालो. "नाही राहता येणार मला."

मग ती रडली, मीही रडलो, आणि जोकिम ट्रॉली आणायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही. माझ्याकडे एकच बॅग होती.